गरम झाली की बंद, गार झाली की चालू: आमच्या पद्मिनीचं इग्निशन आणि आरसीचं नूतनीकरण

आमची प्रीमियर पद्मिनी १९९३ सालची. एमएच-०९ पासिंग, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. कागदावर पद्मिनी असली तरी घरात आणि गॅरेजात सगळे तिला फियाटच म्हणतात. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ती नवी घेतली आणि तीस वर्षं सांभाळली. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यामुळे गाडीचं सगळं माझ्याकडे आलं. २३ नोव्हेंबर २०२३ ला आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत संपत होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओच्या मैदानात तपासणीला न्यावी लागते. २०१८ मध्ये हे काम आप्पांनी केलं होतं. या वेळी ते माझ्याकडे आलं आणि नेमकी त्याच वर्षी गाडी वाटेत बंद पडायला लागली.

ज्यांच्याकडे पॉइंटवाली, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणारा यांत्रिक स्विच असलेली, जुनी गाडी आहे, त्यातल्या बहुतेकांना हा त्रास कधी ना कधी झालेला असतो. सकाळी व्यवस्थित चालू होणारी गाडी अर्ध्या तासाने मिसिंग करते, म्हणजे ठिणगी चुकून आचके देते, मग बंद पडते, आणि वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. मेकॅनिककडे नेईपर्यंत ती थंड झालेली असते आणि तिथे दोष दिसत नाही. मला यातून बाहेर पडायला जून ते नोव्हेंबर लागले. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहिते.

सुरुवात झाली जूनच्या शेवटच्या आठवड्यात, कोल्हापुरात पावसाने जोर धरला तेव्हा. सकाळी सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. आप्पा म्हणाले, "डेल्कोची कॅप काढून पूस." डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. दोन्ही क्लिपा सोडून काळी बॅकेलाइटची कॅप उचलली, तर आतून दव पडावं तसे बारीक थेंब दिसले. कोरड्या फडक्याने पुसली, मधला कार्बनचा ठिपका बोटाने दाबून त्याची स्प्रिंग मोकळी आहे ना ते पाहिलं, कॅप लावली, आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. पुढचे काही दिवस हेच चाललं.

इग्निशनचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या या यंत्रणेचं, काम समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून थोडक्यात सांगते. बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट इग्निशन कॉइलच्या आतल्या जाड वेढ्यांतून जातो आणि डेल्कोमधल्या पॉइंटमधून अर्थ होतो. डेल्कोचा दांडा फिरताना पॉइंट उघडतो, करंट तुटतो, आणि त्या क्षणी कॉइलच्या बारीक वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तो जाड वायरने कॅपच्या मध्यावर येतो, खाली फिरणारा रोटर तो एकेका प्लगकडे पाठवतो. आमच्या इंजिनात हा क्रम १-३-४-२. आणि पॉइंटला जोडलेला, करंगळीच्या पेराएवढा एक पत्र्याचा डबा असतो, तो कंडेन्सर. पॉइंट उघडताना त्याच्या तोंडाशी जी ठिणगी उडाली असती, ती हा कंडेन्सर शोषून घेतो. तो नीट असेल तर करंट झटकन तुटतो आणि प्लगला जोरदार स्पार्क मिळतो. तो बिघडला तर पॉइंट जळतात आणि प्लगचा स्पार्क मरतो.

८ जुलैला जवळच्या एका गॅरेजात ट्यूनिंग करून घेतलं. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, नवे प्लग, मजुरीसकट १,६५० रुपये. आप्पांची एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. गाडीला १९९३ पासून जे जे केलं ते तारीख आणि किलोमीटरसकट तिच्यात लिहिलेलं आहे. त्यांनी ८ जुलैची नोंदही स्वतःच्या हाताने केली. या नोंदीचं महत्त्व मला पुढे ऑक्टोबरमध्ये कळलं.

३० जुलैला, रविवारी, आप्पांना पन्हाळ्याला घेऊन निघाले. वाघबीळच्या पुढे चढ सुरू झाला आणि गाडी आचके द्यायला लागली. पिकअप गेला, सायलेन्सरमधून एक फटाका, आणि इंजिन बंद. मागून एसटी, वरून पाऊस. दोन पोरांनी धक्का देऊन गाडी कडेला घेतली. आप्पा शांत होते. त्यांनी डिकीतून फडकं काढायला सांगितलं, पाण्यात भिजवून पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनवरच्या छोट्या मेकॅनिकल पंपावर, ठेवायला सांगितलं. फियाटवाल्यांना हा उपाय ठाऊक असतो. उन्हाळ्यात किंवा चढावर पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो, त्याला व्हेपर लॉक म्हणतात, आणि ओल्या फडक्याने तो सुटतो. वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी चालू झाली. आप्पांना खात्री पटली की पेट्रोलचाच दोष आहे, आणि मलाही तेच पटलं, कारण डोळ्यांसमोर उपाय लागू पडला होता.

तिथून ऑगस्ट पेट्रोलमागे गेला. सोलेक्सचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडून साफ केला, जेट फुंकले, नवं पॅकिंग टाकलं, २,२०० रुपये. पंपाचं डायफ्रॅम किट ६०० रुपये. गाडी थंड असताना आधीपेक्षा गोड चालायला लागली. आणि महिन्याच्या अखेरीस भर संध्याकाळी कावळा नाक्यावर सिग्नलला पुन्हा बंद पडली. त्या दिवशी ऊन नव्हतं, चढ नव्हता, पंपाला हात लावला तर तो कोमटसुद्धा नव्हता. तरी वीस मिनिटांनी ती चालू झाली, या वेळी फडक्याशिवाय.

माझ्या मते जुन्या गाडीवाल्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. गरम झाल्यावर पेट्रोल अडतं, तसंच गरम झाल्यावर कंडेन्सर आणि कॉइलही दगा देतात. दोन्ही थंड झाल्यावर बरे होतात. तुम्ही फडकं ठेवा, नारळ फोडा किंवा नुसते बसून राहा, वीस मिनिटं गेली की गाडी चालू होणार, आणि त्या वीस मिनिटांत तुम्ही जे केलंत त्याला श्रेय मिळणार. दोघांतला फरक फक्त गाडी बंद पडल्या पडल्या, पहिल्या दोन मिनिटांत कळतो. त्या वेळी बॉनेट उघडून एका प्लगची वायर काढायची, जादा प्लग तिच्या टोकाला लावून त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या धातूला टेकवायचं आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. निळा, टणक आवाजाचा स्पार्क आला तर पेट्रोल बघा. पिवळट, बारीक, तुटक आला किंवा आलाच नाही तर इग्निशन बघा. वायर उघड्या हाताने धरू नका, झटका फार जोराचा बसतो. जवळपास पेट्रोल सांडलेलं असेल तर हे अजिबात करू नका.

सप्टेंबरमध्ये कागदांचं काम सुरू केलं. आरसी नूतनीकरणाचा अर्ज, नमुना २५, मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. म्हणजे माझी खिडकी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उघडत होती. १९ ला गणपती बसले, २८ ला अनंत चतुर्दशी. त्या दिवसांत कोल्हापुरात ना मिस्त्री जागेवर सापडतो ना सुटा भाग, तेव्हा त्या काळात मी फक्त फाइल लावली: जुनी आरसी, विमा, आधार, कराची पावती. एक गोष्ट आधीच करून घ्या. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाडीच्या नावावर कुठला मोबाइल नंबर आहे तो बघा. आमच्या गाडीवर आप्पांचा कधीच बंद झालेला नंबर होता. ओटीपी तिकडे जातो, त्यामुळे नंबर बदलल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

५ ऑक्टोबरला पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, गेले आणि गाडी नापास झाली.

पीयूसीवाल्या मुलाने कागद हातात दिला आणि "कार्ब्युरेटर ट्यून करून आणा" म्हणाला. सगळे हेच सांगतात. मी घरी येऊन आकडे नीट वाचले. भारत स्टेज दोन या प्रदूषण नियमांच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत चालतो. आमचा कार्बन मोनॉक्साइड २.३, म्हणजे मर्यादेत. हायड्रोकार्बन मात्र १,९०० च्या वर. शाळेत विज्ञान शिकवत असल्याने इथे मी थबकले. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हायड्रोकार्बन म्हणजे न जळताच बाहेर पडलेलं पेट्रोल. सिलिंडरमध्ये मिश्रण पोहोचतंय, पण अधूनमधून ते पेटतच नाही, असा याचा अर्थ. म्हणजे कार्ब्युरेटर त्याचं काम करत होता आणि ठिणगी चुकत होती. पीयूसीचा नापास कागद फाडून टाकू नका, जुन्या गाडीच्या निदानाचा तो सगळ्यात स्वस्त पुरावा आहे.

तो कागद आणि आप्पांची वही घेऊन उद्यमनगरात गेले. एका स्पेअर पार्टवाल्याने एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनची जागा दाखवली. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हटलं. पत्र्याची शेड, दारात आर्मेचरचा ढीग, भिंतीवर जुन्या डेल्को कॅप खिळ्यांना टांगलेल्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, गरम झाल्यावर बंद पडती आन् गार झाल्यावर चालू हुती, तर गार गाडी माझ्यापुढं आणून काय उपयोग? उद्या फिरवून, तापवून आणा. मिसिंग करत असतानाच दारात उभी करा."

दुसऱ्या दिवशी शिरोली नाक्यापर्यंत जाऊन, गर्दीतून मुद्दाम हळू फिरवून गाडी त्यांच्या दारात आणली तेव्हा ती अक्षरशः लंगडत होती. चाचांनी लगेच बंद करायला लावली. कॅप काढली. फॅन बेल्ट धरून इंजिन थोडं फिरवलं आणि पॉइंट मिटेल अशा जागी आणलं. शेडचं शटर अर्धं खाली ओढलं, आत अंधार झाला. मला चावी ऑन करायला सांगितली. कॉइलच्या मधली जाड वायर त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने धरून इंजिनपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर ठेवली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट उघडला. वायरीच्या टोकाशी केसासारखी बारीक, तांबूस ठिणगी दिसली न दिसली. पॉइंटच्या तोंडाशी मात्र लख्ख निळा उजेड पडला. पुन्हा उघडला, पुन्हा तेच.

"बघितलं? करंट जिथं पायजे तिथं न्हाई आन् नको तिथं हाय. कंडेन्सर."

मी म्हटलं, "चाचा, कंडेन्सर तर जुलैमध्ये नवा टाकलाय." त्यांनी वही मागितली. ८ जुलैची ओळ वाचली, मग ३० जुलैची. "मग पन्हाळ्याच्या आधी असं कधी झालं हुतं का?" नव्हतं झालं. जूनमध्ये गाडी सकाळी ओलीमुळे चालू होत नव्हती, पण एकदा चालू झाली की दिवसभर बंद पडत नव्हती. गरम होऊन बंद पडणं ८ जुलैनंतरचं होतं. दोन वेगळे दोष होते आणि आम्ही सगळे त्यांना एकच समजून चाललो होतो.

मग त्यांनी एका डब्यातून जुन्या अँबॅसेडरचा काढलेला कंडेन्सर घेतला. आमच्या कंडेन्सरची वायर सोडली, अँबॅसेडरवाल्याची वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला लावली, त्याचा पत्रा एका क्लिपने इंजिनला अर्थ केला. पुन्हा पॉइंट उघडला. आता पॉइंटशी जेमतेम चमक, आणि जाड वायरीच्या टोकाला निळी-पांढरी ठिणगी, टक् टक् असा स्पष्ट आवाज करत. वापरून काढलेला भाग नव्यापेक्षा चांगला निघाला. आमचा काढलेला कंडेन्सर त्यांनी मीटरवर लावला, गार असताना ०.२२ मायक्रोफॅरॅड, अगदी योग्य. तोच गरम इंजिनच्या हेडवर थोडा वेळ ठेवून लावला, तर आकडा एका जागी थांबेना. म्हणून दुकानात मीटर लावून घेतलेला कंडेन्सर चांगलाच असेल असं नाही. तापवून बघायला हवा. गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. डबी बंद होती, भाग नवा होता, आणि बाहेरून काहीही कळायला मार्ग नव्हता.

पॉइंट काढून दाखवले. तीन महिन्यांत एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच उंचवटा आला होता. पॉइंटवर असं झालेलं दिसलं की नुसते घासून पुन्हा बसवू नका, आधी कंडेन्सरवर संशय घ्या. रोटर उलटा करून त्यांनी नखाने एक रेघ दाखवली, पितळी पट्टीपासून खालच्या भोकापर्यंत गेलेली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी. हाय टेन्शन करंट या रेघेवरून दांड्याला पळत होता, ओलाव्यात जास्त. जूनचा त्रास तो. कॅपच्या आतही दोन टोकांमध्ये तशीच फिकट रेघ होती.

कॉइल बदलायची का, असं मी विचारलं. त्यांनी गरम असतानाच तिच्या दोन टोकांमध्ये मीटर लावला, तीन ओहमच्या आसपास. म्हणाले, "ही चांगली हाय. उगं बदलू नका." कॉइल आजही तीच आहे. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि गाडी तापवून बघायची, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. सगळं एकदम बदललं की कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि नव्यातलं एखादं खराब असेल तर तेही कळत नाही.

चाचांनी अँबॅसेडरचा कंडेन्सर तात्पुरता बसवून दिला. रोटर आणि कॅप मात्र मनासारखी मिळेना. उद्यमनगरात एक रोटर होता, तो दांड्यावर सैल बसत होता. मध्ये नवरात्र आलं, खंडेनवमीला सगळी शेडं पूजेसाठी बंद, २४ ला दसरा. नोव्हेंबर जवळ येत होता आणि मला रात्री झोप लागत नव्हती. मुदत उलटली तर खासगी चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा भरावे लागतात. त्याहून मोठी काळजी अशी की मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, मग दुरुस्ती तपासायची कशी?

ऑक्टोबरच्या शेवटी भावाकडे डोंबिवलीला गेले आणि तिथून मुंबईत ऑपेरा हाऊसला, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी. त्याच आठवड्यात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून जाणार असल्याच्या बातम्या सगळीकडे होत्या. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली ती टॅक्सी, तिची वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबरपासून मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी संपली. मला नातेवाइकांचे फोन आले, "आता तुमचीही बंद होणार ना?" तसं नाही. वीस वर्षांची मर्यादा तिथल्या टॅक्सींना आहे. खासगी गाडी तपासणीत पास झाली तर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होत राहतं. पण सुट्या भागांवर परिणाम होणार हे खरं. दुकानदाराने सांगितलं, टॅक्सी होत्या तोवर रोटर आणि पॉइंट रोजच्या रोज खपायचे, आता शिल्लक माल आहे तोवरच. पद्मिनी ठेवायची असेल त्यांनी रोटर, कॅप आणि पॉइंटचा एकेक जादा संच आत्ताच घेऊन ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

जाताना जुना भाग सोबत न्या. नव्या रोटरची उंची आणि खालच्या भोकाची खाच जुन्याशी ताडून बघा, कॅप बसवून कार्बनचा ठिपका पट्टीला टेकतो का ते बघा. मी कॅप ५५० ला, रोटर १८० ला, पॉइंट ३२० ला, दोन कंडेन्सर २४० ला आणि प्लग वायरींचा संच ८५० ला घेतला.

१ नोव्हेंबरला चाचांनी सगळं बसवलं, पण सांगितल्याप्रमाणे एकेक करून. दोन्ही कंडेन्सर आधी तापवून तपासले. पॉइंटच्या फटीला आप्पांच्या वहीत अठरा थाऊ लिहिलेलं आहे, म्हणजे साधारण ०.४५ मिलिमीटर, तेवढीच ठेवली. फट आधी आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, नंतर, कारण फट हलली की टायमिंग हलतं. टायमिंगला त्यांनी टेस्ट लॅम्प वापरला. कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला एक वायर, दुसरी इंजिनला. चावी ऑन ठेवून इंजिन हाताने खुणेपर्यंत आणायचं आणि डेल्को सावकाश फिरवायचा. पॉइंट उघडतो त्या क्षणी दिवा लागतो, तिथे आवळायचं. पॉइंट उघडणाऱ्या, दांड्यावरच्या कॅमवर ग्रीसचा अगदी टिपका लावला. जास्त लावलं तर पॉइंटवर उडतं, अजिबात नाही लावलं तर पॉइंटची टाच झिजते, फट मिटत जाते, टायमिंग मागे पडतं आणि गाडी तापते. मजुरी ८०० रुपये. आणखी एक ताकीद दिली: इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेल्या जागी थांबला असेल तर कॉइलमधून चार अँपिअर करंट नुसता वाहत राहतो आणि दोन्ही तापतात.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकायचा सल्ला अनेकांनी दिला. ज्यांना रोज लांबचा प्रवास आहे त्यांनी जरूर विचार करावा. मला मात्र वाटेत अडले तर स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पट्ट्यांनी) सुधारता येईल अशीच यंत्रणा हवी होती.

२ नोव्हेंबरला रजा टाकली आणि आप्पांना घेऊन पन्हाळा चढले. वाघबीळ आलं तेव्हा माझे हात घट्ट झाले होते. आप्पा काच खाली करून इंजिनचा आवाज ऐकत होते. वर पोहोचल्यावर इंजिन बंद केलं, पाच मिनिटांत पुन्हा गरम गरमच चालू केलं. अर्धी फेरी, आणि पकडलं. आप्पा फक्त "हां" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला पुरेसा होता.

३ नोव्हेंबरला पीयूसी. कार्बन मोनॉक्साइड २.१, हायड्रोकार्बन ७०० च्या आत. कार्ब्युरेटरला मधल्या काळात कुणी हातही लावला नव्हता. फी १२५ रुपये. इतक्या जुन्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांची मिळते. पीयूसीला गाडी तापलेलीच न्या, थंड इंजिनवर चोकचा अंश राहतो आणि आकडे वाढतात.

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन अर्ज भरला. तेव्हा, २०२३ मध्ये, नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये होतं, स्मार्ट कार्डचे २००, आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल मोटारीचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी ३,००० रुपये. पैसे भरताना पोर्टल मध्येच अडकलं, खात्यातून रक्कम गेली आणि पावती आली नाही. घाबरून लगेच पुन्हा भरू नका. व्यवहाराची स्थिती तपासायची सोय पोर्टलवरच आहे, माझी पावती संध्याकाळी तिथे दिसली. मध्ये दिवाळी होती, त्यामुळे तपासणीची तारीख २० नोव्हेंबरची मिळाली, मुदतीच्या अगदी तोंडावर.

तपासणीला जाताना चासी नंबरची पेन्सिल प्रिंट लागते. नंबराच्या जागी तीस वर्षांचं तेल आणि धूळ बसलेली होती. आदल्या रात्री रॉकेलच्या बोळ्याने ती जागा पुसली, पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासली, तेव्हा एकेक अंक उमटला. दोन-तीन प्रती घरीच काढून ठेवा, मैदानात घाईत नीट उमटत नाही. दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर, हँडब्रेक हे सगळं आधी तपासा. आमचा उजवा मागचा इंडिकेटर त्याच सकाळी गेला होता, बल्बच्या होल्डरमधला गंज पॉलिश पेपरने घासल्यावर लागला.

मैदानात रांगेत बराच वेळ उभं राहावं लागलं. पूर्वी अशा वेळी मी इंजिन बंद करायला धजले नसते. त्या दिवशी रांग सरकेल तशी बंद-चालू करत राहिले आणि प्रत्येक वेळी गाडी चालू झाली. निरीक्षकांनी चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहिले, दिवे, हॉर्न आणि ब्रेक बघितले, इंजिनचा आवाज ऐकला. "चांगली ठेवलीय," म्हणाले आणि सही केली. प्रत्यक्ष तपासणीला दहा मिनिटंही लागली नसतील.

नवी आरसी १२ डिसेंबरला स्पीड पोस्टाने आली, मुदत २३ नोव्हेंबर २०२८. पत्ता बरोबर आहे का आणि वैधतेची तारीख काय पडलीय, हे पाकीट फोडल्या फोडल्या बघून घ्या.

खर्चाचं सांगायचं तर मूळ दोष सुटायला भाग आणि मजुरी धरून २,९४० रुपये लागले. त्याआधी ट्यूनिंग, कार्ब्युरेटर आणि पंप यांवर ४,४५० गेले होते. त्यातले प्लग आणि डायफ्रॅम अजून कामात आहेत.

आता ग्लव्ह बॉक्समध्ये एक पत्र्याची डबी असते: तापवून तपासलेला दुसरा कंडेन्सर, पॉइंटचा संच, फिलर गेज, एक जादा प्लग, पॉलिश पेपर आणि कोरडं फडकं. आप्पांच्या वहीत १ नोव्हेंबरची नोंद मी केली आहे आणि पॉइंट पुन्हा बघायचे किलोमीटरही लिहून ठेवलेत. त्या पीयूसीची मुदत मे २०२४ च्या सुरुवातीपर्यंत होती. कोल्हापूर-सांगली भागात कुणाची फियाट गरम होऊन बंद पडत असेल तर कळवा. चाचांच्या शेडवर मी सोबत येईन, फक्त गाडी तापवून आणा.